दुपारची गिरणी

गिरणीच्या भिंतीवर लाल रंगात दोन सूचना होत्या. एक, चालत्या पट्ट्याला हात लावू नये. दोन, गिरणी रिकामी चालवू नये. दळणाला येणाऱ्या गिऱ्हाइकांचा या दोन्हींशी काडीचा संबंध नव्हता. पट्ट्यापाशी जायची त्यांना मुभा नव्हती आणि गिरणी चालवायची तर नव्हतीच. सूचना गिरणीवाल्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, आणि त्या मोडू शकेल असा माणूसही गावात तो एकटाच होता.

सुगी नुकतीच आटोपली होती. घरोघरी नवा गहू येऊन पडला होता आणि डब्या-पोत्यांची रांग गिरणीच्या दारापासून रस्त्यापर्यंत गेली होती. असा मोका साधून त्याने पहिली सूचना मोडली. पट्टा सरकत होता, तो ढकलायची काठी हाताशी नव्हती, म्हणून त्याने हात लावला. पट्ट्याने उजवा हात चाकापर्यंत नेला आणि मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडून परत दिला. हाडांच्या डॉक्टरांनी बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाले, सहा आठवडे.

घरी सभा भरली. सभा भरली म्हणजे तात्या बोलले.

तात्या म्हणजे गिरणीवाल्याचे वडील. गिरणी मूळची त्यांची. गुडघे गेल्यावर ती मुलाच्या हवाली करून ते गिरणीमागच्या खोलीत खाटेवर बसले, ते गेली अकरा वर्षं बोलत होते. खोली आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि भिंतीत हातभर खिडकी होती. तिच्यातून पूर्वी गिरणीत चहा जायचा. आता चहाबरोबर सल्लेही जात.

"बाहेरचा माणूस ठेवायचा नाही," तात्या म्हणाले. "मागे एक ठेवला होता. महिनाभरात पोत्यापेक्षा तोच जाडा झाला."

"जाडा झाला?" सासूबाईंनी विचारलं. तात्यांचं वाक्य प्रश्न करून त्यांनाच परत द्यायचं, हा सासूबाईंनी लग्नानंतर लवकरच शोधलेला मार्ग होता. त्यात ऐकावं लागत नसे.

"झाला म्हणजे झाला. आणि गिरणी बंद ठेवली तर आठ दिवसांत सगळं गाव वरच्या गिरणीत जाईल. गेलेलं गिऱ्हाईक आणि गेलेला गुडघा, परत येत नाही."

"मग चालवणार कोण?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती उंबऱ्यात खरकटी भांडी घेऊन उभी होती. मागे कोणी उभं आहे का, हे तिनेही वळून पाहिलं.

"ही?" तात्या म्हणाले. "हिला पीठ मळता येतं. दळता कुठं येतं?"

"शिकेल," गिरणीवाला म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य होतं. तो मुळातच शब्द मोजून वापरणारा माणूस. घरात बोलण्याचा जो काही साठा होता, तो तात्यांच्या वाट्याला गेला होता.

"शिकू दे," तात्या म्हणाले. "मी आहेच इथून लक्ष ठेवायला."

सुनेला या घरात कधी शोधावं लागलं नव्हतं. दोन खोल्यांत शोधणार काय? हाक मारली की ती 'ओ' द्यायची, आणि हाक दर पाच मिनिटांनी असायची. "अगं ए, माझा चष्मा." "सूनबाई, यांचा चष्मा?" "आई, आजोबांचा चष्मा मी नाही घेतला, तू माझ्याकडे का बघतेस?" हे आठ वर्षांच्या लेकीचं. चष्मा तात्यांच्या कपाळावर असायचा. न्हाणीघराची कडी लावली तरी दारावर थाप पडायची, "आत आहेस का?" आहे म्हटलं, की बाहेरचं बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर तिच्या कानात दिवसभराचं बोलणं, पेल्याच्या तळाला साखर राहावी तसं, साचलेलं असायचं.

पहिल्या दिवशी गिरणीवाल्याने तिला दारात उभं राहून डाव्या हाताने सगळं दाखवलं. हे बटण. हा धान्य ओतायचा वरचा डबा. पीठ पडतं ती ही कापडी बाही. हे चाक. उजवीकडे फिरवलं की दगड एकमेकांवर घट्ट बसतात, पीठ बारीक येतं. डावीकडे फिरवलं की वरचा दगड उचलला जातो, जाडं येतं.

"आणि ही खुंटी," तो म्हणाला. चाकाच्या आऱ्यांमधून घालायची बोटभर लोखंडी खुंटी खिळ्याला टांगलेली होती. "चाक जागेवर राहतं."

तिने मान हलवली. एका दिवसात माणूस जितकं लक्षात ठेवू शकतो त्यात खुंटी बसली नाही.

वीस किलोचा डबा डोक्याच्या वर उचलून ओतायचा, असे दिवसाला साठ-सत्तर. पहिल्या दोन दिवसांत तिच्या खांद्यांना आपण कोणाचे आहोत ते कळेनासं झालं. पीठ पापण्यांवर बसायचं, नाकात जायचं, घामाने मानेवर त्याची कणीक व्हायची. बाहीतून पडणारं पीठ गरम असायचं. ते अंगठा आणि बोटात चोळून बघायचं, चाक केसभर फिरवायचं, परत चोळायचं. आणि आवाज. मोटर, पट्टा, दगड, पत्रा, सगळे एकदम बोलत. पहिल्या रात्री तिच्या दाढासुद्धा हलल्यासारख्या वाटत होत्या.

गिरणीत बोलता येत नसल्यामुळे गावाने तेवढ्यापुरती एक वेगळी भाषा करून ठेवली होती. चिमूट चोळली की बारीक. मूठ दाखवली की जाडं. तळहात उभा धरून भुवया उडवल्या की, झालं का? आणि बोट हवेत गोल फिरवलं की, अजून एकदा काढ. एवढ्यावर सगळ्यांचं भागत असे. या भाषेत टोमणा मारायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी शिंपीणकाकू आल्या. लोकांचे कपडे उसवणं आणि संसार उसवणं, ही दोन्ही कामं त्या घरबसल्या करत. डबा खाली ठेवून त्या नेमानं म्हणाल्या, "काय वहिनी, दुसऱ्या मुलाचा काही विचार?" म्हणजे तसं त्यांचे ओठ म्हणाले. तिने कानाकडे बोट केलं. काकू ओरडल्या. तिने पुन्हा कानाकडे बोट केलं. तिसऱ्यांदा ओरडायला काकूंनी तोंड जरा मोठं उघडलं, त्यात पीठ गेलं, ठसका लागला, आणि डोळे पुसत त्यांनी मुकाट्याने चिमूट चोळली. बारीक.

त्याच वेळी खिडकीत तात्यांचा चेहरा आला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. हात वर-खाली होत होते. ती पाहत राहिली. मग तिने मान हलवली. तात्या समाधानाने मागे झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सासरे तिला आवडले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आवाज तिला ऐकूच येत नाहीये. तो इतका मोठा होता की त्याच्या आत जागा होती. चार बाजूंनी भिंत, आणि आत ती एकटी. थरथर जमिनीतून तळव्यांत, तिथून पोटऱ्यांत चढत होती, आणि वर येताना एकेक गाठ सोडवत होती. तिला काही आठवत नव्हतं आणि काही विसरायचंही नव्हतं. एक विचार आला, थोडा वेळ बसला, आणि कोणी हाक न मारता आपणहून उठून गेला. असं कधी झालं होतं? लग्नाआधी एकदा ताप आला होता तेव्हा. त्यातही आई मधूनमधून विचारत होती.

अडचण दुपारची होती. एक वाजला की रांग संपायची, ती चारला पुन्हा लागायची. गिरणी बंद केली, की खिडकीतून लगेच, "केलीस का बंद? ये मग इकडे. हे बघ, मी काय म्हणतो..." शेजाऱ्याने सहा वर्षांपूर्वी घर बांधताना जिना डावीकडून घेतला होता. तो उजवीकडून का हवा होता, हे तात्या दुपारी सांगत. सासूबाई विचारत, "उजवीकडून?" प्लास्टरचा हात उशीवर ठेवून गिरणीवाला शेजारी बसलेला असे. आणि ती उभी. घरात चार माणसं असली की एकाला उभं राहावं लागे इतकीच खोली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी शेवटचा डबा संपला, तिने बटणाकडे हात नेला आणि खिडकीत पाहिलं. तात्या घसा साफ करत होते.

तिने हात मागे घेतला.

समोर भिंतीवर दुसरी सूचना होती. गिरणी रिकामी चालवू नये. दगडांमध्ये धान्य नसलं की दगड दगडाला खातो, हे तिलाही माहीत होतं. तिने चाक डावीकडे दीड फेरा फिरवलं. वरचा दगड उचलला गेला. खरखर गेली आणि एक पातळ, सरळ, न तुटणारा सूर उरला. ती रिकाम्या पोत्यांवर टेकली. मग पाय लांब केले. मग भिंतीला डोकं टेकलं.

दोन तास कोणी आलं नाही. कोणी येणार नव्हतंच. खिडकीतून पाहिलं तरी, चष्मा कपाळावर असलेल्या तात्यांना नुसता पिठाचा धुरळा दिसत असे.

भिंतीपलीकडे आवाज जात होता, आणि आवाज येतोय म्हणजे सून कामात आहे. अकरा वर्षं पहाटेपासून राबून तिला जे नाव मिळालं नव्हतं, ते आठ दिवस पोत्यांवर पडून मिळालं. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "दुपारचीसुद्धा उसंत घेत नाही." सासूबाई म्हणत, "उसंत घेत नाही?" आणि त्यातल्या प्रश्नात कौतुक असे.

एकदा जेवताना गिरणीवाल्याने डाव्या हाताने घास उचलत विचारलं, "दुपारी कोणाचं दळण असतं?"

"येतं कोणाकोणाचं."

त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं.

"खुंटी घालतेस ना?"

"हो," ती म्हणाली. नवऱ्याने काही विचारलं की आधी हो म्हणायचं, मग काय विचारलं ते बघायचं, अशी तिला सवय होती. या वेळी बघायचं राहिलं.

तो वाळत चालला होता. सगळे म्हणत, हाताच्या दुखण्याने. दिवसभर खाटेजवळ बसून तो हं, हं म्हणत असे. सकाळी ती गिरणीचं कुलूप काढायला निघाली की तो दारापर्यंत येऊन उभा राहायचा, आणि ती आत गेली की परत फिरायचा. तिला वाटायचं, काळजीने येतो. रात्री ती प्लास्टरकडे पाहायची. आजूबाजूने मळलेलं, कडेला उसवलेलं. अजून तीन आठवडे. अजून अडीच. हे निघालं की तिला परत भिंतीच्या पलीकडे जायचं होतं, आणि तिथून पुन्हा इकडे यायची वाट नव्हती. देवाकडे असं काही मागू नये हे तिला कळत होतं. म्हणून ती मागत नसे. फक्त हात जरा सावकाश जुळला तर बरं, असं एखाद्याला सहज वाटतं तसं तिला वाटायचं.

पाचवा आठवडा अर्ध्यावर आला होता. त्या दिवशी सकाळीच पन्नास डबे झाले. दुपारी तिने चाक सैल केलं, पोत्यांवर अंग टाकलं, आणि तिला झोप लागली. हाकेची भीती नसलेली झोप. अशा झोपेत माणूस आपल्या वयाचं राहत नाही.

चाकाला खुंटी नव्हती. थरथरीने चाक एकेक केस उजवीकडे सरकत गेलं. वरचा दगड खाली आला, खालच्याला टेकला, आणि दोघं एकमेकांना दळायला लागले. ठिणग्या उडाल्या असतील. जळका वास तर नक्कीच सुटला असेल. ती झोपली होती. शेवटी पट्टा तापला, ताणला, आणि चाकावरून उडून कोपऱ्यात जाऊन पडला.

तिला जाग आली ती आवाज थांबल्याने. मोटर नुसतीच गुणगुणत होती. आणि भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं, "...म्हणून मी म्हणतो, जिना उजवीकडून हवा होता."

बाहीत राखेसारखी करडी भुकटी साचली होती. तिने ती झटकली, दगड थंड होऊ दिले, काठीने पट्टा चढवला, घरचा चार किलो गहू दळून ते पीठ नाल्यात टाकलं. पुढचं पीठ पांढरं आलं. अंगठ्यात चोळून पाहिलं. मऊ. चारला रांग लागली, तिने दळायला घेतलं. पण पीठ बोटांना खोटं सांगू शकतं. दातांना सांगू शकत नाही. जुने गिरणीवाले चिमूटभर चावून बघतात. तिला ते कोणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी तिघी दारात होत्या. शिंपीणकाकू, शाळेतल्या मास्तरीणबाई आणि दूधवाली. तिघींच्या हातात डबे. मागे अजून पाच-सहा जणी, नुसत्या बघायला.

"हात पुढे करा," मास्तरीणबाई म्हणाल्या. शाळेत म्हणतात त्याच आवाजात. तिने केला. त्यांनी तळहातावर चिमूटभर पीठ ठेवलं. "आता चावा."

तिने कोरडं पीठ तोंडात टाकलं. दाढांमध्ये कचकन वाजलं. ते तिच्या डोक्यात वाजलं, पण तिला वाटलं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय आहे?"

"कच आहे."

"मोठ्याने. मागे ऐकू गेलं नाही."

"कच आहे."

"काय आहे?" खिडकीतून तात्यांनी विचारलं.

"कच आहे?" मागून सासूबाई.

दूधवाली म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला दोनच दात होते वहिनी. त्यातला एक काल रात्री गेला. उरलेल्यासाठी कुठलं पीठ न्यायचं, तेवढं सांगा."

मागच्या बायका हसल्या. शिंपीणकाकूंना आज ओरडावं लागत नव्हतं. त्या अगदी हळू, प्रेमाने म्हणाल्या, "असू दे गं. बाईच्या जातीला हे झेपायचं नाही, हे मी आले त्याच दिवशी सांगणार होते. पण तेव्हा मेलं काही ऐकू येत नव्हतं."

तिने तोंडातलं पीठ थुंकलं नाही. सगळ्यांसमोर थुंकणं बरं दिसलं नसतं. ती ते कचेसकट गिळून बसली.

"बंद," तात्या खिडकीतून म्हणाले. "गिरणी बंद. टाकीवाल्याला निरोप धाडा. आणि ही आजपासून घरात. हात बरा होईपर्यंत बंद राहिली तरी चालेल, पण दगड जाता कामा नये."

दहा दिवस उरले होते. तेही गेले.

टाकीवाले काका दुसऱ्या दिवशी सायकलीवर आले. मागे पिशवीत हातोडी आणि छिन्न्या. दगडाची धार गेली की तो उचलून उलटा करायचा आणि छिन्नीने पुन्हा खाचा पाडायच्या, हे काम ते पन्नास वर्षं करत होते. पन्नास वर्षं दगडावर हातोडी पडताना ऐकून ऐकून त्यांना ऐकू येणं बंद झालं होतं. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो हेही त्यांना कळत नसे. हळू बोलायचं असलं, की ते समोरच्याच्या कानाशी वाकत. आवाज तेवढाच राहायचा.

वरचा दगड पहारीने उचलला. तिने दोन्ही हात लावले, गिरणीवाल्याने एक. काकांनी दगडावर तळहात फिरवला, मध्यापासून कडेपर्यंत, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. मग तिच्याकडे पाहिलं. खिडकीत तात्या होते, त्यांच्या खांद्यावरून सासूबाई. दारात काल हसलेल्या सगळ्या जणी होत्या.

काका तिच्या कानाशी वाकले.

"घाबरू नकोस पोरी," ते म्हणाले. "मी कोणाला सांगणार नाही. रिकामी चालवलीस ना?"

रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस खुर्चीतून वळून बघायला लागला.

तिने तळहात उभा धरला. थांबा. काकांना ती लाजली असं वाटलं. त्यांनी धीर द्यायचं ठरवलं.

"अगं, लाजायचं काय त्यात? तुझा नवरा दहा वर्षं चालवतोय की रिकामी! नाहीतर वर्षभर पुरणाऱ्या दगडाला मी दर सहा महिन्यांनी का येतो? पण तो खुंटी घालतो, म्हणून दगड सावकाश झिजतो. खुंटी घालावी बेटा."

गिरणीवाला आपल्या प्लास्टरकडे बघायला लागला. त्यावर कोणीतरी काही लिहिलंय आणि ते वाचायचं राहून गेलंय, अशा बारकाईने.

"काय?" तात्या खिडकीतून गरजले. "दहा वर्षं? माझ्या दगडावर? माझ्या घामाच्या—"

काकांना तात्यांचं फक्त तोंड दिसलं. जुन्या माणसाने ओळख दिली म्हणून ते खूष झाले. "आणि तुम्ही!" ते खिडकीकडे बोट करून म्हणाले. "तुमच्या वेळी तर चार महिन्यांनी यायचो मी!"

खिडकीतून तात्यांचा चेहरा नाहीसा झाला. तिथे सासूबाई उरल्या. त्या थोडा वेळ काहीतरी आठवत होत्या. तिसेक वर्षांच्या दुपारी होत्या, वेळ लागणारच.

"दर चार महिन्यांनी?" त्यांनी मागे वळून विचारलं. आणि या वेळी त्या उत्तरासाठी थांबल्या.

काका दिवसभर टाकी लावत बसले. टक, टक, टक. दारातल्या बायका बातमी घेऊन गेल्या. दुपारी ती काकांसाठी पाणी घेऊन आली, तेव्हा गिरणीवाला पोत्यांवर बसला होता. तिच्याच जागेवर. म्हणजे आता कळलं होतं त्याप्रमाणे, ती त्याच्या जागेवर बसत होती. काकांसमोर काहीही बोलायला हरकत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"आवाजावरून कळतं. रिकामीचा आवाज पातळ असतो."

"मग बोलला का नाही?"

"बोललो की. खुंटीचं विचारलं."

तिने तांब्या खाली ठेवला. "मला वाटायचं, दुपारी एवढं दळण असतं तरी कोणाचं. मी आईंना म्हणायचे, किती राबतात, जेवायलासुद्धा वेळेवर येत नाहीत. तुमचं ताट झाकून ठेवायचे. अकरा वर्षं."

त्याने तांब्या जरा बाजूला सरकवला.

"मी भिंतीच्या त्या बाजूला होते."

"माहीत आहे."

"एकदा तरी बोलवायचं."

"दोघं बसलो असतो," तो म्हणाला, "तर बोललो असतो."

तिला राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की तो खरं बोलत होता.

तात्या दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसेल तर तेवढीच एक सोय होती. तिला घरात बसवायचं ते त्यांनी पुन्हा काढलं नाही. उरलेले आठ दिवस गिरणी तिने चालवली. मास्तरीणबाई प्रत्येक डबा चावून घेत होत्या. आता तीही चावून बघत होती. पण दुपारी एकच्या ठोक्याला ती गिरणी बंद करायची. सगळं गाव ऐकत असताना रिकामी चालवणं म्हणजे दार उघडं टाकून आंघोळ करणं होतं.

प्लास्टर निघालं. आतला हात धुतलेल्या मुळ्यासारखा पांढरा आणि बारीक झाला होता. डॉक्टर म्हणाले, जितका हलवाल तितका चांगला. दुसऱ्या दिवशी त्याने गिरणीची किल्ली खिळ्यावरून काढली. सून चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

तात्यांना वाचा परत आली होती. दोन दिवसांची थकबाकी होती, ती ते भरून काढत होते. "हे बघ, मी काय म्हणतो..." ती उभी राहून ऐकत होती. एक वाजला. भिंतीपलीकडची खरखर संपली, आणि थोडं थांबून तो सूर सुरू झाला. पातळ, सरळ, न तुटणारा. पूर्वी हा आवाज म्हणजे नुसता आवाज होता. आता तिला त्याच्या आतली जागा माहीत होती. पोती कुठे आहेत, भिंत कुठे गार लागते, थरथर पोटऱ्यांत कुठवर चढते. माहीत नव्हतं तेव्हाच बरं होतं. तेव्हा ती फक्त दमत होती.

असे तीन दिवस गेले. ती दुपारी भांडी जरा जोरात आपटायला लागली. सासूबाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, पण प्रश्न केला नाही.

चौथ्या दिवशी एक वाजता गिरणी थांबली आणि तो मागच्या खोलीत आला. दुसऱ्या हाताने एक हात छातीशी धरला होता. तोंड वाकडं केलं होतं. ते त्याला फारसं जमत नव्हतं.

"दुखतोय," तो म्हणाला. "दुपारचं जमेल असं दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ ठीक आहे. दुपारचं हिलाच बघावं लागेल."

"डॉक्टर तर म्हणाले, हलवा," तात्या म्हणाले.

"हलवूनच दुखतोय."

"मग बस इथं. बरं झालं आलास. हे बघ..."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने धरून ठेवला होता तो डावा हात होता. मोडला होता उजवा.

सासूबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि धान्य निवडायला घेतलं.

ती गिरणीत गेली. चाक दीड फेरा सैल केलं. खुंटी घातली, हलवून पाहिली, परत हलवून पाहिली. बटण दाबलं. पोत्यांवर अजून त्याच्या पाठीचा खळगा होता. त्यात ती बसली.

खिडकीतून त्याची मान दिसत होती. समोर तात्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्याची मान हलत होती. हं. हं. तिने डोळे मिटले. सूर होता, थरथर होती, भिंत गार होती. पण पूर्वी चारही बाजूंनी भिंत होती, आता एका बाजूला हातभर खिडकी होती. तिने डोळे उघडले. मान हलत होती. तिने पोतं ओढून तोंड दुसरीकडे करून पाहिलं. दिसत नव्हतं, तरी हलत होती.

अर्धा तास झाला असेल. तिने वळून पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने हात वर केला, या वेळी उजवाच, मुळ्यासारखा बारीक. तळहात उभा धरून भुवया उडवल्या.

झालं का?

ती उठली. बटणापाशी गेली. भिंतीवरच्या दोन्ही सूचना तिने एकदा वाचल्या, जणू तिसरी कुठे लिहिली आहे का ते बघायला. बटणावर बोट ठेवलं. तो वाट बघत होता. तिने बोट उचललं आणि हवेत गोल फिरवलं.

अजून एकदा.

त्याने क्षणभर पाहिलं, मान हलवली, आणि तात्यांकडे वळला. त्याचे ओठ हलले. तिला ऐकू आलं नाही, पण कळलं.

"हं, मग जिन्याचं काय म्हणत होता?"